सामानाची वही

गंगाखेडच्या मोंढ्यात आडतीचा व्यवहार करणाऱ्या एका कुटुंबात तीन वह्या होत्या. पहिली रोजमेळाची, दुसरी खतावणीची आणि तिसरी प्रवासाच्या सामानाची. पहिल्या दोन्ही वह्या केव्हाच संगणकात गेल्या. तिसरी मात्र आजही लाल कापडी पुठ्ठ्यात, देवघराशेजारच्या कपाटात असते आणि हातानेच लिहिली जाते. तिच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर ‘श्री’, त्याखाली डोंगराचे नाव, महिना, आणि खाली चार रकाने: नेले, वापरले, कमी पडले, परत आले. तीस वर्षांहून अधिक काळात हे कुटुंब ज्या ज्या डोंगरावर गेले, त्या प्रत्येक प्रवासाचा ताळेबंद या वहीत आहे.

गंगाखेडच्या माणसाला डोंगराचा फारसा सराव नसतो. एका अंगाला गोदावरीचे पात्र, सभोवती काळ्या मातीचे सपाट शिवार, दक्षिणेकडे बालाघाटच्या ठेंगण्या टेकड्या. वैशाखात पारा बेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा थंड हवेची आठवण होते खरी. पण जैन कुटुंबाला डोंगर केवळ हवापालटासाठी लागत नाही. वीस तीर्थंकरांची निर्वाणभूमी असलेले सम्मेद शिखरजी, नेमिनाथांचा गिरनार, शत्रुंजय, मांगीतुंगी, मुक्तागिरी, आणि मराठवाड्यातल्या मराठवाड्यात कुंथलगिरी व जिंतूरजवळील नेमगिरी, अशी वंदनेची कितीतरी स्थाने उंचावरच आहेत. त्यामुळे मुलांची सुटी, वडिलधाऱ्यांची वंदना आणि घरातील बायकांना चार दिवसांची विश्रांती ही तिन्ही कामे एकाच तिकिटात साधण्याची पद्धत या घरातही होती. सामान भरण्याची पद्धत मात्र नव्हती. जे हाताला येईल ते ट्रंकेत, जे उरेल ते वळकटीत. वही सुरू झाली ती एका चुकीमुळे.

त्या वर्षी पौष महिन्यात घरातील सहा माणसे शिखरजीला निघाली. अण्णा, अक्का, थोरला मुलगा, त्याची नुकतीच लग्न होऊन आलेली पत्नी आणि नात्यातील दोघे. त्या वेळच्या नव्या सूनबाई म्हणजे आज सगळ्या मोंढ्याच्या काकू. सामानाचे अकरा नग झाले होते: दोन ट्रंका, तीन वळकट्या, पितळी डबे, स्टोव्ह, पाण्याची कळशी आणि बाकीच्या पिशव्या. परभणीला गाडी बदलून आणि पुढेही बदलत बदलत मंडळी पारसनाथ स्थानकावर उतरली, तेथून पायथ्याच्या मधुबनात आली. धर्मशाळेत सायंकाळी पोहोचताच सर्वांनी सूर्यास्तापूर्वी जेवून घेतले आणि लवकर अंथरूण धरले.

पारसनाथचा डोंगर १,३६५ मीटर उंच आहे. नऊ किलोमीटरची चढण, नऊ किलोमीटर टोंकांची वंदना आणि नऊ किलोमीटरची उतरण असा सत्तावीस किलोमीटरचा फेरा असल्याने यात्रेकरू मध्यरात्रीनंतर दोन-तीनच्या सुमारास निघतात. अक्कांनी स्नान करून धुतलेले सुती पातळ नेसले, हातात पूजेच्या द्रव्याची पिशवी व काठी घेतली आणि अनवाणी चालायला सुरुवात केली. डोली नको म्हणाल्या. पहिली तीन तास वाट चांगली गेली. इतकी की थंडी असूनही अंग घामाने भिजले. घाम येतो आहे म्हणजे थंडी सोसवते आहे, असाच सर्वांचा समज झाला.

गौतमस्वामींच्या टोंकापाशी उजाडले आणि वारा सुटला. धुके इतके दाट होते की पुढच्या माणसाची पाठ दिसेना. भिजलेले सुती कापड अंगाला चिकटले. दोन टोंके झाली, चार झाली. पाचव्या टोंकापाशी अक्का अक्षता वाहताना अडखळल्या. कितवे टोंक ते त्यांना आठवेना. नंतर शब्द तोंडातून नीट फुटेनात, हातातली काठी धरवेना. बुंदेलखंडातील एका अनोळखी कुटुंबाने आपली कांबळ काढून त्यांच्या अंगाभोवती गुंडाळली. मुलगा धावत जाऊन डोली घेऊन आला. मधुबनात पोहोचल्यावर ओले कपडे बदलून, रजयांत गुंडाळून, उकळून कोमट केलेले पाणी घोटघोट पाजल्यावर दुपारनंतर त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. जीव वाचला, वंदना मात्र अर्धवट राहिली. पार्श्वनाथांचे टोंक त्या डोंगरावरील सर्वांत उंच आणि वंदनेतील अखेरचे. तेथवर अक्का पोहोचल्याच नाहीत.

संध्याकाळी कपडे काढण्यासाठी सूनबाईंनी ट्रंक उघडली. तळाशी, डांबराच्या गोळ्यांसह, घडी मोडू नये म्हणून कागदात गुंडाळलेली एक जाड लोकरी शाल होती. अक्कांना त्यांच्या भावाने दिलेली. ती तळाशी ठेवणाऱ्या सूनबाईच होत्या. नवी शाल, चुरगळायला नको, एवढाच त्यामागचा विचार. डोंगरावर अक्का कापत होत्या तेव्हा शाल त्यांच्याच मालकीची होती, त्यांच्याच सामानात होती, आणि नऊ किलोमीटर खाली कुलपात होती.

व्यापाऱ्याच्या घरात ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. गोदामात माल भरलेला आहे, येणे भरपूर आहे. पण हुंडी दाखवली त्या दिवशी पेटीत रोकड नाही. अशा पेढीला श्रीमंत म्हणावे की अडचणीत सापडलेली म्हणावे, हे अण्णांनी आयुष्यभर पाहिले होते. सामानाचेही तसेच. काय जवळ आहे हा प्रश्न दुसरा. ज्या घडीला लागेल त्या घडीला हाताशी आहे का, हा पहिला.

घरी परतल्यावर अक्कांनी दुकानातून एक कोरी वही मागवून घेतली. अक्षर ओळखण्यापुरते शिकलेल्या अक्कांनी स्वतः पेन हाती घेतले. पहिल्या पानावर, सामानाच्या यादीत, एक ओळ आजही वाचता येते: ‘शाल, नग १. होती. कामी आली नाही. चूक माझी.’

सूनबाई म्हणाल्या, “अक्का, शाल तर मी तळाशी ठेवली होती.”

“ठेवली तू. पण थंडीत निघताना मागून घ्यायची कोणी होती?” अक्का म्हणाल्या. “लिहिलं ते राहू दे.”

त्या विषयावर या घरात पुन्हा कोणी बोलले नाही. खोडाखोड करायची नाही, हा वहीचा नियम तर लहान मुलालाही ठाऊक होता. अक्कांनी ती रक्कम आपल्या नावे टाकली आणि नव्या सुनेचे खाते कोरे ठेवले. सूनबाईंना मात्र आपल्या मनातल्या वहीत ती ओळ तशी लिहिता आली नाही. पुढे अक्कांचे गुडघे गेले, रक्तदाब जडला, शिखरजीचा बेत दर वर्षी पुढे पुढे गेला, आणि एका वर्षी बेत करणाऱ्या अक्काच राहिल्या नाहीत.

वही चालू राहिली. आरंभी तिच्यात केवळ यादी होती. हळूहळू तिच्यात समज येऊ लागली. हिवाळ्याच्या पानांवर पहिला नियम असा लिहिला गेला: गंगाखेडची थंडी पाहून कपडे घेऊ नयेत, डोंगराची उंची पाहून घ्यावेत. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. पारसनाथचे शिखर पायथ्यापासून सुमारे हजार मीटर वर आहे. म्हणजे मधुबनात आठ अंश असतील तर वर दीड-दोन अंशांची तयारी हवी, आणि वारा असेल तर त्याहून अधिक थंडीची. दुसरा नियम: एका जाड कपड्यापेक्षा तीन पातळ कपडे बरे. चढताना एक काढता येतो, थांबल्यावर चढवता येतो. तिसरा नियम सर्वांत मोठ्या अक्षरांत आहे: अंगाला लागून भिजणारे सुती कापड एकटे कधीच पुरे नाही, चढण संपताच घामाचे कापड बदलण्यासाठी एक कोरडा जोड पाठीवरच्या पिशवीत हवा. ओले कापड अंगातील ऊब कोरड्या कापडापेक्षा कितीतरी वेगाने काढून घेते. बोलणे अडखळू लागले, हातातील वस्तू सुटू लागली, म्हणजे माणूस दमला नसून गारठला आहे. त्याला पुढे चालवू नये, कोरडे करावे आणि खाली न्यावे.

कापडाच्या बाबतीत जैन घराला आणखी एक हिशेब करावा लागतो. चामडे तर वर्ज्यच. पट्टा, पाकीट, घड्याळाचा पट्टा, बुटाचे अस्तर हे सर्व निघण्यापूर्वी तपासले जाते. काही घरांत पूजेच्या वेळी लोकरीचे वस्त्र चालत नाही. त्यांच्यासाठी टोंकापाशी शाल उतरवून ठेवण्याची आणि वंदना होताच पुन्हा घेण्याची सोय असावी लागते. अलीकडे बाजारात आलेल्या हलक्या, फुगीर जाकिटांनी नवाच प्रश्न उभा केला. त्यांतील काहींच्या आत बदकाची किंवा हंसाची पिसे असतात आणि लेबलावर ‘डाऊन’ एवढाच शब्द असतो. तसेच दिसणारे, पण कृत्रिम तंतू भरलेले जाकीट त्याच दुकानात मिळते. लेबल वाचल्यावाचून जाकीट घेऊ नये, अशी ओळ वहीत आहे.

हिवाळ्याने घाबरलेल्या या कुटुंबाने उन्हाळ्यात नेमकी उलटी चूक केली. पुढच्या मे महिन्यात मुलांच्या सुटीत सर्वजण अबूला गेले. डोंगर म्हटल्यावर थंडी आलीच, म्हणून माणशी दोन स्वेटर, कानटोप्या, रजया. आबू रोड स्थानकावर उतरले तेव्हा गंगाखेडसारखेच ऊन होते. माउंट अबू १,२२० मीटर उंचीवर. रात्री पातळ पांघरूण पुरेसे होते आणि दिवसा डोक्यावर टोपी नसल्याने मुलांची तोंडे तांबडी झाली. त्या पानावर ‘परत आले’ या रकान्यात नऊ स्वेटर आहेत आणि ‘कमी पडले’ या रकान्यात टोप्या, पाण्याच्या बाटल्या, सुती पंचे आणि मीठ-साखर. अण्णांनी त्याखाली एक वाक्य लिहून ठेवले: गेल्या वर्षी तुरीला भाव होता म्हणून यंदा सगळ्यांनी तूर पेरावी, तसे हे झाले. एका हंगामाचा धडा दुसऱ्या हंगामाला लावू नये.

त्याच पानावर देलवाड्याचीही नोंद आहे. १०३१ साली उभारलेली विमल वसही आणि १२३० साली वस्तुपाल-तेजपाल या बंधूंनी बांधविलेली लूण वसही पाहताना मुलांनी कॅमेऱ्याचा हट्ट धरला होता. आत कॅमेरा नेता येत नाही. ‘कॅमेरा: नेला, वापरला नाही. मुलांनी डोळ्यांनी पाहिले, बरे झाले,’ अशी ती नोंद. वस्तुपाल-तेजपाल हे व्यापारी घराण्यातले मंत्री. पैसा कोठे ठेवावा हे त्यांना कळले होते, असे अण्णा मुलांना सांगत.

गिरनारचे पान उन्हाळ्याच्या सुरुवातीचे आहे. तेथे सुमारे दहा हजार पायऱ्या आहेत असे म्हणतात. नेमिनाथांचे मंदिर त्यांच्या निम्म्याच्याही अलीकडे आहे. अनवाणी चढणाऱ्याला सकाळी दहानंतर दगड चटके देतो, म्हणून निघण्याची वेळ हीच उन्हाळ्यातील पहिली वस्तू, ती बांधून घ्यावी, असे त्या पानावर लिहिले आहे. अलीकडच्या शाईत खाली भर घातलेली दिसते: २४ ऑक्टोबर २०२० पासून रोपवे सुरू झाला आहे, तो अंबाजीच्या टोकापर्यंत जातो, नेमिनाथांचे मंदिर त्याच्या खाली असल्याने तेथवर पायऱ्या उतरून यावे लागते. म्हणून रोपवेने जाणाऱ्यानेही गुडघ्याचा पट्टा आणि काठी सोडू नये.

तिसरा हंगाम पावसाळा. चातुर्मासात साधू-साध्वी एका जागी राहतात, शत्रुंजयाची यात्राही चार महिने थांबते, आणि घरातील वडील मंडळी या काळात गाव सोडत नाहीत. वाटेवर असंख्य सूक्ष्म जीव असतात, त्यांना पाय लागू नये हा त्यामागचा भाव. परंतु नव्या पिढीला सुटी मिळते ती स्वातंत्र्यदिनाला जोडून. काकूंचा मुलगा एका श्रावणात बायको-मुलांसह महाबळेश्वरला जायला निघाला, तेव्हा काकूंनी अडवले नाही. एवढेच सांगितले, “दिवस मावळल्यावर गाडी चालवू नका. दिव्यांवर जीव येतात, आणि घाटात धुकं असतं.” एका वाक्यात धर्मही सांगून झाला आणि सुरक्षितताही.

महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. परभणी जिल्ह्याच्या कितीतरी पट. गंगाखेडच्या पावसावर बेतलेले सामान तेथे पहिल्या दिवशीच हरले. चार छत्र्या नेल्या, दोन वाऱ्याने उलटल्या. जाड जीन पँटी तीन दिवस वाळल्या नाहीत. पिशवीवर पावसाळी आच्छादन होते, तरी पाणी शिवणीतून आत गेले. त्या पानावरील धडे असे: छत्रीपेक्षा पूर्ण बाह्यांचा रेनकोट बरा, पिशवीच्या बाहेरून झाकण्यापेक्षा आतील प्रत्येक जोड वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधावा, लवकर वाळणारे पातळ कपडे घ्यावेत आणि झोपण्याचा एक जोड कोणत्याही परिस्थितीत बाहेर नेऊ नये. सह्याद्रीच्या दाट ओल्या रानात जळवा असतात. जळू चिकटली तर मीठ टाकण्याची सर्वत्र रीत आहे. ती येथे लागू नाही. तिच्या तोंडाशी बोटाचे नख आडवे सरकवले की ती सुटते, जिवंत राहते, आणि जखम धुऊन दाबून धरली की रक्त थांबते.

खाण्याच्या शिदोरीचे पान मात्र वहीत सर्वांत जुने वाटते, कारण ते घराण्यात आधीपासूनच तोंडपाठ होते. पिठाची मर्यादा हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन. शेजारच्या श्वेतांबर कुटुंबात मिठाई, खाखऱ्यांसाठी हीच मोजणी हिवाळ्यात तीस, उन्हाळ्यात वीस आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांची; उकळलेले पाणी हिवाळ्यात चार प्रहर, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन. दोन्ही घरांचे आकडे वेगळे, पण दमट हवेत पदार्थ लवकर बिघडतो हे सूत्र एकच. शिखरजीला निघताना दशम्यांचे पीठ मोजून घेतले होते, गाळण्याचे दुहेरी फडके आठवणीने घेतले होते, लसणाविना शेंगदाण्याची चटणी वेगळ्या डब्यात होती. काकू पुढे एकदा सुनेला म्हणाल्या, “आपल्या घरात पिठाला ऋतू कळत होता गं. कपड्यांना कळला नव्हता.” शिदोरीला जे शहाणपण पिढ्यानपिढ्या लावले, तेच पेटीला लावण्याची बुद्धी एवढी किंमत मोजल्यावर आली.

वहीत एक खाते ‘उचंत’ नावाचे आहे. ज्या रकमेचे खाते ठरत नाही ती उचंतीत टाकायची, ही दुकानाची रीत. ‘लागले तर असू दे’ म्हणून घेतलेली प्रत्येक वस्तू या खात्यात जाते. तीन प्रवासांत जी एकदाही वापरली गेली नाही, ती चौथ्या प्रवासाला नेत नाहीत. औषध, विजेरी आणि कोरडे कापड यांना मात्र हा नियम नाही. ती वापरावी न लागणे हाच त्यांचा नफा. औषधाबाबत आणखी एक कडक सूचना आहे, कारण अण्णांना मधुमेह होता: गोळ्या ज्याच्या त्याच्या अंगावर हव्यात, सामानात नव्हेत, आणि मधुमेह असलेल्याने डॉक्टरांना विचारल्यावाचून उपाशीपोटी डोंगर चढू नये.

सामान बांधून झाले की प्रत्येक पिशवी दुकानातील काट्यावर जाते. मग ज्याची पिशवी त्यानेच ती पाठीवर घेऊन घराचा जिना दोनदा चढून दाखवायचा. हा नियम मुलांना गमतीचा वाटतो. दुसऱ्या खेपेला सूटकेसमधून आपोआप दोन जोड बाहेर येतात. अण्णा म्हणत की आपण न उचललेले वजन नाहीसे होत नाही, ते कोणाच्या तरी खांद्यावर जाते. स्थानकावरच्या हमालाच्या, नाहीतर डोलीवाल्याच्या. अणुव्रतांत परिग्रहाचे परिमाण करायला सांगितले आहे, ते पाठशाळेत पाठ होते. काट्यावर ते किलोत दिसते.

एवढी तयारी झाल्यावरही शिखरजीचे दुसरे पान बरीच वर्षे कोरे राहिले होते. काकू इतर सर्व डोंगरांवर गेल्या, तेथे मात्र जाणे टाळत राहिल्या. कधी दुकानाचा हंगाम, कधी नातवाची परीक्षा, कारणे खरीच होती. शेवटी नातू महाविद्यालयात गेला आणि त्यानेच पौषातली तिकिटे काढून आणली. अक्का ज्या वयात गेल्या होत्या, ते वय काकूंनी केव्हाच ओलांडले होते.

या वेळी सहा माणसांचे पाच नग झाले. शिवाय प्रत्येकाच्या पाठीवर डोंगराची छोटी पिशवी. त्या पिशवीची यादी वहीत जशीच्या तशी आहे: कोरडा जोड एक, स्वेटर किंवा जाकीट एक, कानटोपी, कापडी मोजे दोन, विजेरी, औषध, गाळून उकळलेले पाणी, पूजेचे द्रव्य. काकूंच्या पिशवीचे वजन काट्यावर दोन किलो आठशे ग्रॅम भरले. इतरांपेक्षा जास्त. नातवाने आत पाहिले तर सर्वांत वर अक्कांची शाल होती. आत स्वेटर असताना शाल कशासाठी, हे त्याने विचारले नाही.

पहाटे अडीचला मंडळी निघाली. या वेळी काकूंनी चढण संपताच आडोसा पाहून सुनेच्या मदतीने कोरडे कापड चढवले, वर स्वेटर घातला. शाल काढली नाही. ती पार्श्वनाथांच्या टोंकापाशी काढायची, दाराबाहेर क्षणभर खांद्यावर घ्यायची आणि मग घडी करून आत जायचे, असे त्यांनी मनाशी ठरवले होते. अक्का तेथवर पोहोचल्या नव्हत्या. निदान त्यांची शाल पोहोचावी.

निम्मी टोंके झाली असतील. धुक्यात वाटेच्या कडेला एक वृद्ध बाई बसलेल्या दिसल्या. बोलण्यावरून कर्नाटकातल्या वाटत होत्या. बरोबरची माणसे पुढे निघून गेलेली. पातळ भिजलेले, ओठ निळसर, काठी हातातून घरंगळलेली. सुनेने विचारले, “कितवं टोंक झालं, आजी?” त्यांना सांगता येईना.

काकूंनी पिशवी उघडली. शाल वरच होती. हात मात्र क्षणभर तिच्यावर तसाच राहिला. जे त्यांनी मनाशी ठरवले होते ते आणखी तासाभरात पूर्ण होणार होते, आणि हे दोघींपैकी एकीलाच मिळणार होते. मग त्यांनी नातवाला डोली पाहायला पाठवले, सुनेचा कोरडा झंपर त्या बाईंच्या अंगात घातला आणि वरून शाल चांगली घट्ट गुंडाळली. डोली आली, बाईंची माणसेही शोधत मागे आली. शाल डोलीतच खाली गेली. गाव कोणते, नाव काय, हे विचारायला कोणाला सुचले नाही.

पार्श्वनाथांच्या टोंकापाशी काकू पोहोचल्या तेव्हा वारा तसाच होता. त्या दाराबाहेर थांबल्या, स्वेटर काढून सुनेकडे दिला आणि आत गेल्या. बाहेर आल्यावर बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

गंगाखेडला परतल्यावर रीतीप्रमाणे वही निघाली. मुलगा एकेक वस्तू मोजत होता, नातू लिहीत होता. ‘परत आले’ या रकान्यात शालीपुढे काय लिहावे, असा प्रश्न आला. मुलगा म्हणाला, “हरवली असं लिहायचं का?” काकूंनी वही आपल्याकडे ओढून घेतली, पहिले पान उघडून अक्कांची ओळ एकदा वाचली, मग नव्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहिले: ‘शाल, नग १. कामी आली.’

आता गावातील दुसरी कुटुंबेही यात्रेला किंवा सुटीला डोंगरावर निघण्यापूर्वी ही वही मागून नेतात. काकू ती आनंदाने देतात. अट एकच असते: परत आल्यावर त्यात आपली एक ओळ लिहायची, आणि जे कमी पडले ते लपवायचे नाही. मागच्या हिवाळ्यात शेजारच्या दुकानातील तरुण जोडपे मांगीतुंगीला जाऊन आले. त्यांनी वही परत करताना हिवाळ्याच्या पानावर शेवटची ओळ लिहिली आहे: ‘कानटोपी मोठ्या पिशवीत राहिली. पुढच्या वेळी खिशात.’